कॉफीत धुतलेला रोल

१

मास्तरांनी फिल्म धुण्याच्या छोट्या टाकीचं झाकण उघडलं, आतलं रीळ बाहेर काढलं, ओली फिल्म चिमटीत धरून हळूहळू उलगडली, आणि ओट्याभोवती उभ्या असलेल्या आम्हा चौघांना तिच्यातून पलीकडची खिडकी दिसली.

अख्खी खिडकी. गज, कुंडी, कुंडीतलं वाळकं रोपटं, सगळं. फिल्मवर मात्र कुणी नव्हतं. कॉफीचा फिकट तपकिरी रंग तेवढा चढला होता.

कॉफीत फोटो धुतात असं मी सांगते तेव्हा लोक माझ्याकडे काळजीनं बघतात. पण आमचे मास्तर गेली कित्येक वर्षं ब्लॅक अँड व्हाइटचे रोल असेच धुतात. झटपट कॉफीची पूड, धुण्याचा सोडा, थोडी व्हिटॅमिन सीची पूड आणि पाणी. मिश्रणाला असा वास सुटतो की पाहुणा चपला न घालताच पळेल. पण फिल्मवर चित्र उमटतं, आणि असं उमटतं की बघत राहावं. फिल्म धुण्याच्या बाजारातल्या औषधांनी मास्तरांच्या बायकोला खोकला यायचा, म्हणून हा उद्योग सुरू झाला. तिला आम्ही सगळे बाई म्हणायचो. दुकानदारी मास्तरांची असली तरी निम्मे रोल बाईच धुवायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या.

आजचा रोल त्यांच्या शेवटच्या आजारपणातला होता. मास्तरांनी तो डबीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला होता आणि विषय निघाला की "धुवू सावकाश" म्हणायचे. या खेपेला मुलानं हट्टच धरला. मुलगा दुसऱ्या गावी असतो. वडील एकटे राहतात, गॅस चालू ठेवून झोपतात, किल्ल्या हरवतात, म्हणून त्यांना आपल्याकडे न्यायचं त्यानं मनात घेतलं होतं. मास्तर एकदा भांडणाच्या भरात म्हणाले होते, "ज्या दिवशी माझ्या हातून रोल बिघडेल ना, त्या दिवशी मी स्वतः बॅग भरीन!" तेव्हापासून चिरंजीव गप्प होते.

रविवारी शिकायला येणारी मी एकटीच शिष्या उरले आहे. माझा धंदा कपडे शिवण्याचा. तो रविवार होता, म्हणून मी तिथे होते, मुलगा होता, सूनबाई होत्या, आणि समोरच्या दारातले काका होते. हे काका वासाची तक्रार करायला येतात आणि कामाची गंमत बघत थांबतात, म्हणून त्यांचं नाव पडलंय वासवाले काका.

मास्तरांनी दोन बाह्यांच्या काळ्या पिशवीत हात घातले. उजेड लागू न देता रोल रिळावर चढवायचा तो असाच, आत काही न बघता. पिशवीतले हात मध्येच थांबले. बराच वेळ हलले नाहीत. मुलानं बायकोकडे पाहिलं.

"बाबा, विसरलात का?"

"नाही," मास्तर म्हणाले, आणि हात पुन्हा चालू झाले.

आणि आता ही कोरी फिल्म. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात सूनबाई मला म्हणाल्या, "मावशी, सोडा तुम्हीच आणला होता ना?"

"सोडा-बिडा काही नाही," मास्तर म्हणाले. फिल्म त्यांनी न्हाणीघरात नेऊन चिमट्यांना टांगली आणि परत येऊन खुर्चीत बसले. "माझाच हात चुकला. बॅग माळ्यावर आहे, तेवढी काढून दे."

२

मला दोन गोष्टींचा संताप आला. एक, मास्तर इतक्या सहज हरले. दुसरी, माझ्या सोड्यावर बोट आलं. धुण्याच्या सोड्याऐवजी खाण्याचा सोडा वापरला तर कॉफी काही कामाची राहत नाही, हे मला पहिल्याच रविवारी शिकवलेलं आहे. मी काय दुधखुळी आहे?

घरी आले ती थेट वहिनीच्या खोलीत गेले. माझी वहिनी विमा कंपनीत दावे तपासायची. दुकानाला आग लागली, गोदामात पाणी शिरलं, घरातून दागिने गेले, की कंपनी हिला पाठवायची. निवृत्त झाली तरी खोड गेलेली नाही. दुधाचं पातेलं ओतू गेलं तरी जबाब घेते. मी सगळं सांगितलं. तिनं विणकाम बाजूला ठेवलं.

"वन्सं, तुम्ही रडताय की चिडलाय ते आधी ठरवा."

"दोन्ही. वहिनी, ते घर सुटलं तर तो माणूस सहा महिने जगायचा नाही. त्या ओट्याशिवाय त्यांना दुसरं काय आहे?"

"मग उद्या सामान बांधायला मदत म्हणून जाऊ. बांधाबांध करताना लोक फार बोलतात."

दुसऱ्या दिवशी गेलो तर हॉलमध्ये खोकी पसरली होती. मास्तर आतल्या खोलीत कॅमेरे पुसत बसले होते. "झालं ते झालं," एवढंच म्हणाले आणि पुन्हा मान खाली घातली. वहिनी हात धुवायच्या निमित्तानं न्हाणीघरात शिरली आणि तिनं मला खुणेनं बोलावलं. फिल्म अजून तिथेच टांगलेली होती.

"कडेला हे बारीक काय आहे?"

"नंबर. प्रत्येक रोलला असतात."

"शाईनं छापतात?"

"शाईनं कसले? कारखान्यातच उजेडाचा ठसा मारून ठेवतात. धुतल्याशिवाय दिसत नाहीत. धुतला की फोटोबरोबर तेही..."

बोलता बोलता मी थांबले. नंबर काळेकुट्ट, ठसठशीत उमटले होते. काल खिडकी बघण्याच्या नादात फिल्मच्या कडेकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

"म्हणजे सोडा खाण्याचा असता, कॉफी शिळी असती, माप चुकलं असतं," वहिनी म्हणाली, "तर हेही उमटले नसते."

"नसते."

"मग तुमचा सोडा सुटला. आणि धुणाऱ्याचा हातही सुटला. आता प्रश्न असा, की चांगला धुतलेला रोल कोरा का?"

३

मी तेव्हाच हॉलमध्ये जाऊन डंका पिटणार होते. वहिनीनं माझं मनगट धरलं. "अर्धं कळलेलं सांगू नये. लोक उरलेलं अर्धं आपल्या सोयीनं भरतात."

ती सूनबाईंबरोबर स्वयंपाकघर आवरायला बसली. सूनबाई वाईट नाहीत. थकलेल्या आहेत. सासू-सासऱ्यांसाठी इतकी वर्षं ये-जा केली आणि कौतुकाचा शब्द फारसा मिळाला नाही, अशी त्यांची तऱ्हा.

"या घरातल्या बरण्या मी आवरते, त्यामुळे उद्या माझंच नाव यायचं," त्या कपबशा कागदात गुंडाळत म्हणाल्या. "मावशींना तसं विचारलं त्याचं मलाच वाईट वाटलं. पण माझ्यावर येण्याआधी कुणावर तरी जावं ना!"

मला हसू आलं. इतका प्रामाणिक उलटा न्याय मी ऐकला नव्हता.

"फ्रिज तुम्हीच साफ करता?" वहिनीनं विचारलं.

"करते, पण तो खालचा कप्पा नाही. हात लावायची सोय नाही तिथे. मी इथली काडीसुद्धा कुणाला विचारल्याशिवाय टाकत नाही. आई होत्या तेव्हा त्या म्हणतील ते टाकायचे. रिकाम्या बाटल्या, फाटके पडदे, एकदा फिल्मचं भेंडोळं दिलं होतं, खराब झालंय म्हणाल्या, तेही टाकलं. आता बाबा काहीच टाकू देत नाहीत. ही बघा, दांडा तुटलेली किटली."

वहिनीनं किटली हातात घेऊन बघितली, जशी काही सगळी भानगड किटलीतच आहे.

मुलाचा जबाब तिनं खोकी चिकटवता चिकटवता घेतला. मोठा, अंगानं भरलेला माणूस, पण चिकटपट्टीचं टोक त्याच्या नखाला सापडत नव्हतं.

"तुम्हाला वाटत असेल मी आनंदात आहे," तो म्हणाला. "रोल नीट निघून बाबांचं खरं झालं असतं तर मला हवंच होतं. आईचा शेवटचा एक फोटो मला मोठा करून घ्यायचा होता. माझ्याकडे एकही नाही."

"रोल कोरा का निघाला असेल, तुम्हाला काय वाटतं?"

"मी विचार केलाय. धुताना नसेल चुकलं. फोटो काढतानाच चुकलं असेल. फिल्म कॅमेऱ्यात नीट अडकलीच नसेल आणि बाबा नुसतेच खटके मारत बसले असतील. म्हणजे ते दोन वर्षांपूर्वीच..." त्यानं पुढचं खोकं ओढलं.

असं खरंच होतं. नवशिक्यांचं तर हमखास होतं. रोल चक्रात अडकत नाही, माणूस ऐटीत फोटो काढत राहतो, आणि फिल्म जागची हलत नाही. असा रोल धुतला तर कडेचे नंबर उमटतात आणि मधे काही नसतं. हुबेहूब न्हाणीघरात टांगल्यासारखा.

४

वासवाले काका मास्तरांकडे डोकावायला आले आणि वहिनीला बघूनच दबकले. त्यांच्याकडे मास्तरांची एक किल्ली असते, हे सगळ्यांना माहीत आहे.

"मी काही केलेलं नाही," ते दारातच म्हणाले. कुणी विचारायच्या आत असं म्हणणारा माणूस वहिनीला फार आवडतो.

"बसा ना काका. काय केलं नाहीत ते सांगा."

काका बसले. खिशातला रुमाल काढला, परत ठेवला, आणि मग एकदम बांध फुटल्यासारखे बोलले. "कॉफी बदलली. बरणीतली. मागच्याच आठवड्यात मास्तर फिरायला गेले तेव्हा. डॉक्टरांनी मला ती बिनकॅफीनची कॉफी दिलीय, बेचव. म्हटलं, तिच्यात दम नाही, तर वासही कमी येईल. तो वास येतो हो! माझा पडदासुद्धा तसाच घाणतो. पण मला काय माहीत त्या बिचारीचे फोटो जातील म्हणून! रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

डोळे खरंच लाल होते. मला त्यांची दया आली, आणि थोडा रागही आला.

"वन्सं, बिनकॅफीनची चालते का?" वहिनीनं मला विचारलं.

"चालते. कॉफीतलं जे फिल्मवर काम करतं ते कॅफीन नव्हे, दुसरंच काहीतरी. मास्तरांनी एकदा करून दाखवलं होतं."

"आणि वास?"

"तितकाच येतो."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सुटलो म्हणून आनंद मानावा की वास तितकाच राहणार म्हणून दुःख, हे त्यांना ठरवता येईना.

"आता एक काम करा," वहिनी मला म्हणाली. "तुमचा स्वतःचा एखादा रोल आहे? धड काढलेला?"

होता. रविवारी धुवायचा म्हणून पिशवीत आणलेला तसाच पडला होता. मी तो त्याच बरणीतल्या कॉफीत, माझ्याच सोड्यात धुतला. पाणी फार गरम नको, फार गार नको. टाकी हलवायची, थांबायचं, पुन्हा हलवायची. शेवटी हायपोचं पाणी, म्हणजे चित्र टिकतं. काका वासाला नाक धरून पण अगदी शेजारी उभे राहिले. फिल्म बाहेर काढली तर माझी शिलाई मशीन, माझी मांजर, माझ्या दाराबाहेरचा जिना, सगळे जागच्या जागी.

वहिनीनं माझी फिल्म कोऱ्या फिल्मशेजारी टांगली आणि कितीतरी वेळ दोन्हींच्या टोकांकडे बघत राहिली.

"तुमच्या फिल्मच्या सुरुवातीला हे वीतभर काळं का?"

"रोल कॅमेऱ्यात बसवताना टोक ओढून पलीकडच्या चक्रापर्यंत न्यावं लागतं. तेवढी फिल्म उजेडात येते. उजेड लागला की धुतल्यावर काळी."

"मग फिल्म चक्रात अडकली नाही, तरी टोक ओढावं लागणारच."

"लागणारच."

"मग इथे दोन बोटंच काळं का?"

मी बघितलं. कोऱ्या फिल्मचं काळं टोक जेमतेम दोन बोटं होतं. दुकानातून आणलेल्या नव्या रोलचं जेवढं नळकांड्याबाहेर डोकावतं, त्याचा शेंडा धुण्याआधी कापल्यावर उरेल तेवढंच.

"वहिनी," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "हा रोल कॅमेऱ्यात कधी गेलाच नाही."

५

म्हणजे अदलाबदल. डबी मास्तरांची, वर चिकटवलेलं अक्षर मास्तरांचं, आणि आत कुणीतरी ठेवलेला नवाकोरा रोल. कोणी आणि का?

"मुलानं?" मी कुजबुजले. "वडिलांना हरवायला?"

"ज्याला आईचा फोटो हवाय तो आईचे फोटो पळवील कशाला? पळवलेच, तर मग रोल धुवायचा हट्ट कशाला?" वहिनीनं काळी पिशवी उचलली. "यात काय काय होतं?"

"रोलच्या तोंडाशी फिल्मची निमुळती जीभ असते. ती आधी कापून टाकायची, मग रिळावर चढवायचं. कात्रीही आतच असते."

तिनं पिशवी ओट्यावर उलटी केली. कात्री पडली, आणि मागोमाग कापलेल्या जिभांचे दोन लहानसे तुकडे, एक कालचा आणि एक माझ्या रोलचा. माझा मी बाजूला केला; कालच्याचाही एक कोपरा दुमडलेला होता.

"हे असं का?"

"काढून झालेल्या रोलची खूण. कोपरा दुमडला की तो रोल चुकून परत कॅमेऱ्यात जात नाही. या घरची पद्धत आहे."

"मुलाला माहीत आहे?"

"त्यानं जन्मात रोलला हात लावला नाही. सूनबाईंनी नाही, काकांनी नाही. ही खूण मला माहीत आहे, मास्तरांना माहीत आहे."

"मग तुम्ही?" वहिनीनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की क्षणभर मलाच माझी शंका आली. मग ती हसली. "नीट बघा. कपडे शिवता ना?"

मी तुकडा हातात घेतला. कोपरा एकदा नव्हे, दोनदा दुमडला होता. आधी थोडासा, मग त्याच्यावर पुन्हा, आणि वरून नखानं दाबलेला. साडीला फॉल लावायच्या आधी काठ आत घेतात तसा नेटका.

"अशी दुमड माझी नाही," मी म्हणाले. "माझी नुसती तिरपी असते, मास्तरांकडून शिकलेली."

वहिनीनं फ्रिजचा खालचा कप्पा उघडला. मास्तर आळशी आहेत, न धुतलेले जुने-नवे रोल तिथे पडून असतात. तिनं एकेक डबी उघडून ओट्यावर मांडली. बहुतेक रोलांचे कोपरे एकदाच, घाईघाईत, तिरपे दुमडलेले होते. तीन रोल मात्र वेगळे निघाले. दोनदा दुमडलेले आणि नखानं दाबलेले.

"हे तीन कुणाचे?" वहिनीनं विचारलं.

उत्तर मला माहीत होतं. ती तीन रोलांची चळत जुनी होती. दोन वर्षांपेक्षा जुनी.

"बाईंचे," मी शेवटी म्हणाले.

६

आम्ही दोघी जिन्यात जाऊन बसलो. वहिनीला विचार करायला पायरी लागते.

"सूनबाईंनी फिल्मचं भेंडोळं कचऱ्यात टाकलं," ती म्हणाली. "बाईंनी 'खराब झालंय' म्हणून दिलेलं. नळकांड्यातून ओढून काढलेली फिल्म. तिला उजेड लागला की संपलं ना?"

"क्षणात संपलं."

"बाई अंथरुणाला खिळलेल्या, तरी उठून स्वयंपाकघरापर्यंत आल्या. रोल काढला, उजेडात ओढला. त्या जागी नवा ठेवला, म्हणजे नवऱ्याला कळू नये. आणि नव्याचा कोपरा दुमडला, म्हणजे तो काढून झालेला वाटावा. सगळं विचारानं केलं. पण दुमडताना बोटांनी आपल्या सवयीनं दुमडलं. तिथे मन चालत नाही, वन्सं."

"पण का?"

"ते मला माहीत नाही. माहीत असणारा माणूस आत कॅमेरे पुसत बसलाय." ती उठली. "पिशवीत हात थांबले होते म्हणालात ना? विसरले म्हणून नाही थांबले. बोटांना दुमड लागली. आणि नंतर फिल्म हातात आल्यावर, जे मी आज नवखी असून वाचलं, ते त्यांनी एका नजरेत वाचलं नसेल? त्यांना कालपासून सगळं माहीत आहे."

मास्तरांनी आम्हाला बघितलं आणि हातातलं फडकं बाजूला ठेवलं. वहिनीनं दोनदा दुमडलेला तो तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. काही विचारलं नाही.

मास्तरांनी तो उचलून बोटांत फिरवला. मग ते म्हणाले, "तिनं मला सांगितलं होतं. आता माझे फोटो काढू नका म्हणाली. आयुष्यभर तुम्ही काढलेत तशी मी आता नाही, म्हणाली."

"आणि तुम्ही काढलेत."

"ती झोपल्यावर. वाटलं, झोपली आहे." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "मला ती जाताना दिसत होती हो. मला ते सहन होत नव्हतं. कॅमेरा डोळ्याला लावला की सहन व्हायचं. मी माझ्यासाठी काढले. तिला विचारलं असतं तर नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही."

"खटका त्यांनी ऐकला असणार."

"आयुष्यभर ऐकला होता तिनं. झोपेत सुद्धा ओळखला असता." ते तुकड्याकडे बघत होते. "काल पिशवीत बोटाला ही दुमड लागली. तुम्हाला काय सांगू, क्षणभर तिचाच हात लागल्यासारखं झालं. मी घाबरलोही आणि आनंदही झाला. तेव्हाच कळलं."

"मग धुतलात कशाला?" मला राहवलं नाही.

"सगळे उभे होते, टेलरबाई. आणि वाटलं, ठेवला असेल तिनं एखादा. एखादा तरी." ते थांबले. "नाही ठेवला."

मी तोंड फिरवलं. वहिनी मात्र जागची हलली नाही. तिनं आगीत सगळं गमावलेली माणसं पाहिली आहेत. अशा वेळी काय बोलू नये ते तिला कळतं.

"हात चुकला असं का म्हणालात?" तिनं हलकेच विचारलं.

"मग पोराला काय सांगू? तुझी आई नको म्हणत होती ते मी चोरून केलं? आणि तिला मरता मरता उठून ते निस्तरावं लागलं? त्यापेक्षा म्हातारा झालो म्हटलेलं बरं."

"घर जाईल मास्तर."

"जाऊ दे."

"तुमची इच्छा," वहिनी म्हणाली. "माझं काम तपासायचं. दावा करायचा की सोडायचा, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पण एक सांगते. तुमचा मुलगा बाहेर खोकी बांधतोय आणि त्याला वाटतंय, बाबा दोन वर्षांपूर्वीच कामातून गेले आणि आपल्या लक्षात आलं नाही. तो स्वतःला दोष देतोय. ते मात्र खोटं आहे, आणि त्याचे पैसे तुम्ही नाही, तो भरतोय."

मास्तरांनी एक कॅमेरा उचलला, पुन्हा ठेवला. मग खुर्चीच्या हाताला धरून उठले.

७

मुलगा हॉलमध्ये खोक्यावर बसला होता. वडील समोर येऊन उभे राहिले तसा तोही उठला.

"रोल बिघडला नव्हता," मास्तर म्हणाले. "बदलला होता. तुझ्या आईनं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. भेंडोळ्याचं ऐकलं तेव्हा त्यांनी तोंडावर हात धरला. वासवाले काका उंबऱ्यातून माघारी वळणार होते, वहिनीनं त्यांना बसायची खूण केली.

"म्हणजे चूक..." मुलगा म्हणाला.

"चूक माझीच. पण हातांची नाही."

मुलानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं आता तो ओरडणार. आईचा शेवटचा फोटो हवा होता त्याला, आणि वडिलांनी तिचं न ऐकता काढलेला होता, आणि तोही राहिला नव्हता. रागवायला त्याच्याकडे भरपूर होतं.

"मी रोज फोन करायचो," तो शेवटी म्हणाला. "कशी आहेस विचारायचो. 'छान' म्हणायची. एकदासुद्धा 'ये' म्हणाली नाही. मला वाटायचं, बरी असेल. म्हणून फोटो हवा होता मला. खरी कशी होती ते बघायचं होतं."

"तिला तेच नको होतं," मास्तर म्हणाले. "तुलाही नको, मलाही नको."

मुलानं तोंडावरून हात फिरवला आणि पुन्हा खोक्यावर बसला. मग बसल्या बसल्याच शेजारच्या खोक्याची चिकटपट्टी ओढून काढायला लागला. सूनबाई पुढे झाल्या. आतून कागदात गुंडाळलेल्या कपबशा निघाल्या, त्या त्यांनी एकेक करून फडताळात लावल्या. घर राहणार की जाणार, हे कुणी तोंडानं म्हणालं नाही. मला ते विचारायचं होतं, पण वहिनीनं माझ्या पायावर पाय दिला.

मुलगा आणि सूनबाई रविवारपर्यंत राहिले. त्या दिवशी मी नेहमीसारखी शिकायला गेले. सूनबाई खिडकीशी उभ्या होत्या. नुकत्याच न्हालेल्या, ओले केस पाठीवर, उन्हाची एक तिरीप गालावर पडलेली. फोटो काढावा असं मलासुद्धा वाटलं. मास्तरांनी टेबलावरचा कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला, बोट खटक्यावर ठेवलं, आणि थांबले. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाला विचारून फोटो काढताना पाहिलं नव्हतं.

"काढू का?" त्यांनी विचारलं.

सूनबाई दचकून वळल्या. "नको हो बाबा. केस कसे झालेत बघा."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी कॅमेरा खाली घेतला आणि भिंगावर झाकण बसवलं.